उसाच्या कडेला चालू ठेवलेला ट्रॅक्टर

"नाना, तुमी फक्त एवढंच म्हणायचं, की हा ट्रॅक्टर आता दुरुस्त व्हत नाय. बाकी मी बघतो."

महेश माझ्या टेम्पोत शेजारी बसून हे सांगत होता. निमगाव सावाच्या पुढे त्यांची द्राक्षबाग आहे, तिकडे आम्ही निघालो होतो. त्याच्या बायकोचा, मनीषाचा, फोन आला होता. ट्रॅक्टर बागेत बंद पडलाय, लवकर या. महेशला सुट्टी होती, तो नेमका तेव्हा माझ्याच गॅरेजवर पाणी उपसायच्या पीटर इंजिनचा पट्टा घ्यायला आलेला. फोन झाल्यापासून त्याचं एक पाऊल टेम्पोत होतं.

मी खोडदच्या रस्त्याला मिनी ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो. मिनी ट्रॅक्टर म्हणजे बागेतला ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींत मावत नाही आणि वरच्या तारा ड्रायव्हरच्या डोक्याला लागतात, म्हणून हा बुटका आणि अरुंद केलेला. लोक मला फिटर म्हणतात. फिटरला खोटं बोलायला सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण ते सगळे उलटं सांगतात. ट्रॅक्टर विकायचा असतो, गिऱ्हाईक समोर असतं, आणि मी "इंजिन एकदम टकाटक" म्हणावं अशी इच्छा असते. चांगल्या इंजिनला मेलं म्हणा, असं सांगणारा महेश पहिलाच.

"नवा घेतलास ना रे? मग जुना कशाला बाहेर काढला?"

"नवा शेडमंदी उभाय. सीटवरचं प्लास्टिकसुदिक काढलं नाय तिनं. मी चाकणला ड्यूटीवर गेलो की ही जुनाच काढती."

"तिला जुना आवडतो तर चालवू दे की."

महेशने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तिची ओढणी बघितली नाय, नाना."

मग त्याने जे सांगितलं ते समजायला दोन शब्द माहीत हवेत. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं, माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार. आणि इंजिनची ताकद त्या पात्यांपर्यंत नेणारा जो फिरता शाफ्ट असतो तो पीटीओ. पीटीओ जोडलेला आणि इंजिन चालू असेल तर पाती फिरतात. सीटवर माणूस आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

बागेत काम करताना पात्यांत हराळी अडकते, ठिबकची नळी गुंडाळते. मग उतरून ती कोयत्याने कापून काढावी लागते. त्याचा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, मग खाली उतरा. मनीषाने पीटीओ सोडला होता. इंजिन मात्र चालू ठेवलं होतं. आणि त्या जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ जोडायचा-सोडायचा दांडा झिजलेला. इंजिनच्या थरथरीने तो हळूहळू सरकतो, आपोआप परत पडतो आणि पीटीओ जोडला जातो. तो पार्ट आता कुठे मिळत नाही, मीच सगळीकडे विचारून बसलोय. तर ती वाकून नळी कापत असताना दांडा पडला आणि पाती फिरली. ओढणी डोक्याला बांधलेली होती, गाठ सैल होती, म्हणून नुसती ओढणी गेली.

"गाठ घट आसती तर?" महेश म्हणाला.  रस्ता सरळ होता तरी मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून ठेवलं.

नव्या ट्रॅक्टरमध्ये सीटखाली स्विच असतो. माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद, पीटीओ जोडलेला असो की सोडलेला. आणि पीटीओचा दांडा पडला, सरकला, हा प्रकारच नाही. महेशने कर्जाबिर्जाचा विचार न करता त्या एका स्विचसाठी तो ट्रॅक्टर आणला होता. कंपनीत प्रेसवर काम करतो तो. मशीन माणसाचं काय करतं हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"ठीकाय," मी म्हटलं. "बघू." फिटरचं 'बघू' म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. पण खरं सांगतो, मनातून मी हो म्हणून टाकलं होतं. एका खोट्याने एक जीव वाचत असेल तर आपल्या बापाचं काय जातंय?

बागेशी पोचलो. एका अंगाला द्राक्षाच्या ओळी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आणि मधल्या पट्ट्यात तो लाल रंग उडालेला ट्रॅक्टर. मनीषा सीटवरच होती. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसलेली. हातात कोयता.

"खाली का नाय उतरली?" महेशने लांबूनच विचारलं.

"तुमी जवळ या आधी. दोघं जोडीनं या. आणि बोलत या."

आम्ही बोलत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, महेश बहुतेक पीटर इंजिनच्या पट्ट्याची भानगड सांगत होता. ट्रॅक्टरजवळ पोचल्यावर मनीषाने कोयत्याने ठिबकच्या नळीकडे दाखवलं. रात्री नळी पाझरून चिखल झालेला. त्यात पंजा उमटला होता. कडा अजून सुकल्या नव्हत्या.

आमच्याकडे बिबट्याला लोक वाघच म्हणतात. वाघ आमच्या उसात राहतो, उसात व्यातो, आणि ऊस तुटला की बिऱ्हाड हलवतो. वस्तीवरचं कुत्रं गेलं, शेळी गेली, इथवर लोक सोसतात. पण मागच्या हंगामात या शिवारात गवत कापणाऱ्या एका बाईच्या पाठीवर त्याने झेप घेतली होती. बाई वाचली. तेव्हापासून एक गोष्ट पोरासोरांना पाठ झालीय. वाघ उभ्या माणसाला बिचकतो. बसलेल्या, वाकलेल्या माणसाला तो माणूस समजत नाही.

आता माझा धंदा बघा. तीस-पस्तीस वर्षांत मी ताठ उभं राहून केलेलं एकही काम मला आठवत नाही.

"काय झालं होतं बंद पडताना?" मी विचारलं.

"भुकभुक केली. आवाज चढला, उतरला, आन गप्प."

म्हणजे एअर धरली होती. डिझेलच्या पाइपमध्ये कुठूनतरी हवा शिरली की इंजिनला डिझेल पोचत नाही. आजार साधा आहे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे, नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. पण त्या ट्रॅक्टरचा फिल्टर खाली, पुढच्या चाकामागे. त्यासाठी उसाकडे पाठ करून उकिडवं बसावं लागणार होतं.

मी पाना काढला. मनीषाने स्टीअरिंगला अडकवलेला गळ्याचा पट्टा माझ्यापुढे धरला. रेक्झिनचा, बाहेरून खिळ्यांची टोकं काढलेला. असे पट्टे पूर्वी कुत्र्यांना बांधायचे, वाघाने मान धरू नये म्हणून. आता माणसं बांधतात.

"घाला नाना."

"काही नको गं, पाच मिनिटांचं काम."

"बाईबी पाच मिन्टासाठीच बसली व्हती."

मी मुकाट्याने घातला. तो घातल्यावर मान खाली होत नाही, आणि मान खाली केल्याशिवाय फिल्टर दिसत नाही. शेवटी नुसत्या हाताच्या अंदाजाने स्क्रू शोधला. महेश माझ्या पाठीशी पाठ लावून उसाकडे तोंड करून उभा राहिला. मनीषा सीटवर उभी राहिली.

इंजिन बंद असलेल्या शिवारात किती शांतता असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कुठेही गेलो तरी काही ना काही घरघरत असतं. तिकडे खोडदच्या बाजूला आकाशातले आवाज टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीची पांढरी ताटं आकाशाकडे कान लावून बसलेली असतात. त्या दिवशी आम्ही तिघं तसेच कान लावून होतो, फक्त आमचा कान उसाकडे होता. पान सळसळलं की वारा आहे का ते बघायचं. वारा नसला की हातपंप थांबवून ऐकायचं. हातपंप मारताना जो फसफस आवाज येतो तोसुद्धा मला जास्त वाटायला लागला, कारण तेवढ्या वेळात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग बांधावरची टिटवी ओरडत उठली.

"महेश?"

"दिसत नाय काय. तुमी करा."

"कुठं उठली ती?"

"तुमी करा हो नाना!"

मी घाबरलो होतो. पाना स्क्रूवर बसत नव्हता. डोळ्यांपुढे काय यावं, तर माझी नात. तिला उकिडवं बसून रांगोळी काढायची सवय आहे. बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं. हवा जिथून शिरत होती तिथलं तांब्याचं वॉशर काढून मी खिशातलं नवीन टाकलं, स्क्रू आवळला आणि ओरडलो, "सेल्फ मार!"

मनीषाने सेल्फ मारला. बॅटरी निम्मी मेलेली, इंजिन कुंथलं. पुन्हा मारला. पुन्हा कुंथलं. तिसऱ्यांदा धडधडलं आणि काळा धूर सोडत एकदम पेटलं. त्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर कधीच फुटलेला, आवाज असा की बोललेलं ऐकू येऊ नये.

तेवढ्यात मनीषाने हात लांब केला. उसाचे शेंडे हलत होते. सगळे नाही. एकच रेघ. दगड भिरकावला तर पोचेल एवढ्या अंतरावरून ती रेघ सुरू झाली आणि आमच्यापासून लांब, ओढ्याकडे गेली. घाई नव्हती तिला.

 महेश ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला, मग कुठे बसलोय हे कळून तटकन उठला. मी पट्टा काढला तर मानेवर घामाची धार.

ट्रॅक्टर बांधावर शेडपर्यंत आणला. चालूच ठेवला. महेश माझ्याकडे बघत होता, आता बोला म्हणून. माझ्या तोंडून शब्द निघण्याआधी मनीषाच म्हणाली, "यांनी सांगितलं आसंल ना तुमाला? जुना दुरुस्त व्हत नाय म्हना म्हणून?"

महेश शेडच्या पत्र्याकडे बघायला लागला. धडधडत्या ट्रॅक्टरशेजारी उभं राहून तो मेला म्हणण्याएवढा मी काही हुशार नाही.

"हो," मी म्हटलं. "आणि तो चुकीचं सांगत नव्हता. पीटीओचा दांडा झिजलाय पोरी. तू सोडलेला तो परत पडतो. पुढच्या वेळी ओढणीवर भागणार नाही."

"मला म्हाईत नाय व्हय?" तिने डोक्याला बांधलेलं फडकं दाखवलं. एका बाजूने फाटलेलं, दोरे लोंबत होते. "अर्धी राहिली व्हती, तीच बांधलीया. रोज बांधती. याद राहावी म्हणून."

"मग नवा का चालवत नाहीस?"

"चालवला की. पैल्याच दिवशी. हराळी अडकली, मी सीटवरनं उठली, आन तो गप्प झाला. आवाज बंद झाला की वाघाला भ्या राहत नाय, म्हणून तर मी जुना चालू ठेवून उतरती." ती थांबली. "नाना, तुमी आत्ता बसला व्हता ना खाली, गप्प शिवारात? मला तसं दिसातनं चार-पाच डाव उतरायला लागतं. एकटीला. पाठीशी उभं राहायला कोण नसतं. रोटाव्हेटर डोळ्याला दिसतो. मी त्याच्यापास्नं जपंन. जो दिसत नाय त्याच्यापास्नं कशी जपू?"

महेशचा आवाज फुटला. "आन मी तिकडं कंपनीत फोनची वाट बघत बसू का? कोणता फोन येतोय म्हणून? वाघानं धरली का ट्रॅक्टरनं धरली?"

"फोन येतोय म्हंजे मी जित्ती हाय," ती म्हणाली.

 मग महेश माझ्याकडे वळला. "नाना, मग नव्याचा तो स्विच काढून टाका. वायर जोडा डायरेक्ट. चालू राहू द्या तोबी."

ही मागणी माझ्याकडे नेहमी येते, आणि दोन मिनिटांचं काम असतं. मी नाही म्हटलं. नव्या ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर जुन्याहून जोरात फिरतो. तो ओढणी घेऊन थांबणार नाही. एका भीतीवर उपाय म्हणून दुसरी तिच्या मागे जोडून द्यायची, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. पण नाही म्हणून टेम्पोत बसून घरी जाणंही होईना. मानेवर तो पट्टा अजून घातल्यासारखा वाटत होता.

मी शेडमध्ये गेलो. नवा ट्रॅक्टर प्लास्टिक पांघरून उभा, बाहेर जुना धडधडतोय. नव्याला पात्यांचे दात आहेत पण तो तिच्या हुकमात आहे. जुन्याचे दात हुकमात नाहीत, पण आवाज आहे. मग जुन्याला दात हवेतच कशाला?

"महेश, जॅक आण."

जुन्याचं इंजिन बंद केलं, ते दारातच, दोन्ही भिंतींच्या आधाराने. रोटाव्हेटर सोडवला. मग पीटीओ नुसता सोडला नाही, त्याचा शाफ्टच काढून टेम्पोत टाकला. आता त्या ट्रॅक्टरच्या मागे फिरणारं काहीच उरलं नाही. टेम्पोतली नवी बॅटरी बसवली. मग मनीषाला सांगितलं, "कामाला जाताना हा आधी न्यायचा. जिथं काम करायचंय तिथं उसाच्या बाजूला उभा करायचा, न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, चाकाला दगड लावून, चालू. आणि काम करायचं नव्या ट्रॅक्टरने. तू उतरलीस की नवा गप्प होईल, हा होणार नाही."

"दोन ट्रॅक्टर?" महेश म्हणाला. "नुसता आवाज काढायला डिझेल जाळायचं?"

"नुसता आवाज नाही. पाठीशी पाठ लावून उभा राहणारा माणूस आहे तो. तू चाकणहून येऊ शकत नाहीस म्हणून."

मनीषाने शेडमध्ये जाऊन नव्याच्या सीटवरचं प्लास्टिक ओढून काढलं. मग परत आली आणि विचारलं, "आन त्याला या आवाजाची सवय झाली तर?"

  "तोवर ऊस तुटेल," असं काहीतरी म्हणालो.

ऊस तुटला. मनीषा धडधाकट आहे. वाघ ओढ्यापलीकडच्या उसात गेला असं लोक म्हणतात, आणि ओढ्यापलीकडच्या लोकांनी माझा फोन नंबर घेतला. आता मला असे जुने ट्रॅक्टर शोधून द्यावे लागतात, ज्यांचं इंजिन जिवंत आहे आणि बाकी सगळं मेलंय. डीलरचा सेल्समन माझ्यावर वैतागलाय. त्याच्याकडच्या नव्या मॉडेलची सगळ्यात मोठी तारीफ अशी, की ते अजिबात आवाज करत नाही. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते सायलेन्सर बदला म्हणून. आता विचारतात, काढून टाकता का?

शेजारचा ऊस पुन्हा डोक्यावर गेलाय, मनीषाचा अधूनमधून फोन येतो. ती हळू आवाजात बोलते. "नाना, जुना गप्प झालाय. मी नव्यावर बसलीय, उतरत नाय. या." मी हातातलं काम टाकून जातो. तिने दिलेला पट्टा मी परत केलेला नाही.

जुनं ठेवावं की नवं घ्यावं, हा प्रश्न लोक मला रोज विचारतात. पूर्वी मी ट्रॅक्टर बघून सांगायचो. आता आधी विचारतो, शेजारी काय लावलंय? आणि एक गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. कितीही घाई असो, कितीही भीती असो, खाली वाकण्याआधी इंजिन बंद करायचं. ते मान डोलावतात. मी उकिडवा बसतो आणि त्यांना फिल्टर कसा उघडायचा ते दाखवतो. मागे बांधावर माझा टेम्पो चालूच असतो.